थांब्याचा अर्ज एका टेबलावर, बस दुसऱ्या टेबलावर

पुण्याच्या वाहतुकीत आपले म्हणणे मांडण्यासाठी सामान्य नागरिकाकडे आज जी साधने आहेत, त्यांतील बहुतेक 2005 ते 2007 या काळात आली. 2005 मध्ये माहिती अधिकार कायदा झाला. 2006 मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिले आणि 2006-07 च्या अंदाजपत्रकासाठी पुणे महापालिकेने नागरिकांकडून कामे सुचवून घेण्यास सुरुवात केली. 2007 मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या पुणे व पिंपरी-चिंचवडच्या बससेवांचे विलीनीकरण होऊन दोन्ही शहरांत बस चालवणारी पीएमपीएमएल ही कंपनी स्थापन झाली. या शेवटच्या घटनेचा नागरिकांच्या सहभागाशी वरवर काही संबंध दिसत नाही, पण सहभागाची मर्यादा तिनेच आखून दिली.

कामे सुचवण्याच्या या पद्धतीचा, म्हणजे सहभागी अंदाजपत्रकाचा, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा असतो. पदपथ, सायकल मार्ग, पथदिवे, बसथांबा अशी काही लाखांत बसणारी कामे त्यात सुचवता येतात. ती प्रभाग समितीच्या मान्यतेने पुढे जातात आणि नशीब चांगले असेल तर नव्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीत दिसतात. अडचण त्यानंतर सुरू होते. थांब्याची शेड महापालिकेकडून मागता येते; त्या थांब्यावर दर किती मिनिटांनी बस यावी हे मात्र कंपनी ठरवते, आणि तिची संचालन तूट पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका 60 आणि 40 टक्के या प्रमाणात भरून देतात. त्यामुळे नवीकोरी शेड उभी आहे आणि तिच्यात प्रवासी ताटकळत आहेत, हे दृश्य पुणेकरांना नवे नाही. बस हवी असेल तर पत्र कंपनीकडे आणि पाठपुरावा दोन्ही महापालिकांच्या अंदाजपत्रकाकडे, ही गोष्ट कार्यकर्त्यांना अनुभवानेच कळली.

माहिती अधिकाराचा उपयोग अधिक खोलवर झाला, असे मला वाटते. सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांनी अर्जाशिवाय फायली पाहाव्यात, ही पद्धत पुणे महापालिकेत आधी रुळली आणि 2018 मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून ती इतर कार्यालयांपर्यंत नेली. मंजूर नकाशातील पदपथाची रुंदी वहीत उतरवून घ्यावी, जागेवर जाऊन टेप लावावा आणि फरक आढळल्यास तो छायाचित्रासह अभियंत्याच्या टेबलावर ठेवावा, एवढ्या कामाला नगरसेवकाची ओळख लागत नाही.

तरीही धोरण मंजूर होणे आणि ते रस्त्यावर उतरणे यांत मोठे अंतर राहिले. 2016 मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, त्याला फारसा विरोध झाला नाही. पदपथ कोणाला नको असतो? मार्च 2018 मधील सशुल्क पार्किंगच्या धोरणाने थेट वाहनमालकांच्या खिशाला हात घातला, तेव्हा राजकीय विरोधामुळे ते पाच रस्त्यांपुरते उरले आणि तिथेही अंमलबजावणी रखडली. 11 डिसेंबर 2021 रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला, तो एका दिवसापुरता.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकांचा कारभार राहिला. त्या काळात प्रभागात जाऊन भेटावे असा नगरसेवकच नव्हता. उरल्या त्या हरकती-सूचना, आयुक्तांना दिलेली निवेदने आणि सोमवारची दुपार.