एम्बेझलमेंट : गल्ल्यात न पडलेली नोट

सांभाळायला म्हणून हाती दिलेला पैसा सांभाळणाऱ्यानेच गिळणे, म्हणजे एम्बेझलमेंट. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ नासधूस करणे. इंग्रजीत तो पंधराव्या शतकात आला.

कायद्याला त्याची खरी गरज भासली १७९९ मध्ये. लंडनच्या एका बँकेत ग्राहकाचा १३७ पौंडांचा भरणा आला. रोखपालाने सगळी रक्कम खात्यावर जमा दाखवली, पण त्यातली १०० पौंडांची नोट गल्ल्याऐवजी खिशात घातली. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातून वस्तू काढून घेणे. इथे ग्राहकाने नोट स्वखुशीने दिली होती आणि बँकेच्या ताब्यात ती आलीच नव्हती. आधी गल्ल्यात टाकून मग उचलली असती, तर ती चोरी ठरली असती! रोखपाल सुटला. त्याच वर्षी कारकून आणि नोकरांसाठी नवा कायदा झाला. शिक्षा चौदा वर्षांपर्यंत हद्दपारी.

या निकालाला आजही नावे ठेवली जातात. मला तो योग्य वाटतो. चोरीच्या कित्येक प्रकारांना तेव्हा फाशी होती. अशा वेळी व्याख्या ताणून माणूस अडकवण्यापेक्षा नवा कायदा करणे केव्हाही बरे. इंग्लंडने १९६८ मध्ये हा वेगळा गुन्हा पुन्हा चोरीतच मिसळून टाकला.

मराठीत याला चपखल शब्द आहे : अपहार. कौटिलीय अर्थशास्त्रात कोशक्षयाच्या, म्हणजे खजिना घटण्याच्या, आठ कारणांत तो येतो. वसूल झालेली रक्कम जमेस न धरणे, ठरलेला खर्च न देणे, हाती असलेली शिल्लक नाकारणे, अशी त्याची फोड तिथे आहे. लंडनच्या रोखपालाने जमा तरी लिहिली होती. ‘अफरातफर’ही चालते, पण हिंदीत जवळपास तोच शब्द गोंधळ, पळापळ या अर्थाने वापरतात. बातम्यांत सरसकट येणारा ‘घोटाळा’ मात्र खटकतो. निविदेतली लबाडीही घोटाळा आणि पतसंस्थेच्या ठेवी खाणेही घोटाळाच. त्यात ठेवीदाराने टाकलेला विश्वास कुठेच दिसत नाही.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेने दोन गुन्हे वेगळे केले : कलम ४०३ चा अप्रामाणिक अपहार आणि कलम ४०५ चा फौजदारी न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेली मालमत्ता गिळणे. लोकसेवक, बँकर यांच्यासाठी कलम ४०९, जन्मठेपेपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हे सारे ३१४ आणि ३१६ मध्ये गेले. जुने ४०९ आता ३१६(५).