सरकारी कर्ज, सेंट्रल बँका आणि सोनं

सरकारांचं कर्ज फुगायला लागलं की लोक सोन्याकडे वळतात, कारण सोनं हे कुणाचंही देणं नसतं. बॉण्ड, म्हणजे सरकार कर्ज घेताना देते तो रोखा, हा शेवटी सरकारने दिलेला शब्द. अमेरिका स्वतःच्याच चलनात कर्ज काढते त्यामुळे पैसे परत मिळतीलही, पण महागाईने तोवर त्या डॉलरमध्ये किती दम उरेल ही खरी धास्ती असते. नोव्हेंबर 2024 मध्ये तिचं कर्ज 36 लाख कोटी डॉलरच्या वर गेलं, आणि 2024 च्या आर्थिक वर्षात नुसतं व्याजच संरक्षण खर्चापेक्षा जास्त झालं. अशा वेळी व्याजदर चढे ठेवणं सरकारलाच जड जातं, आणि महागाई वजा जाता बॉण्डवर फारसं काही सुटणार नाही असं दिसलं की सोन्यावर व्याज मिळत नाही ही तक्रारही मागे पडते.

त्यात मोठं गिऱ्हाईक आलं ते सेंट्रल बँकांचं, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारख्या देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांचं. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पाश्चात्त्य देशांनी रशियाची साधारण 300 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली, तेव्हा बाकीच्या देशांनाही कळलं की दुसऱ्याच्या बँकेतले आपले पैसे एका आदेशाने अडकू शकतात, आपल्या तिजोरीतलं सोनं तसं अडकत नाही. 2022, 2023, 2024 अशी सलग तीन वर्षं या बँकांनी दरवर्षी 1,000 टनांच्या वर सोनं घेतलं, 2024 मध्ये एकट्या पोलंडने 90 टन. हे गिऱ्हाईक भाव थोडा चढला म्हणून लगेच विकायला धावत नाही, म्हणून बाकीच्यांना धीर येतो.

आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. जुलै 1991 मध्ये परकीय चलन संपत आलं होतं आणि रिझर्व्ह बँकेने जवळपास 47 टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशी पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं, घरातल्या पाटल्या गहाण टाकाव्यात तसं, आणि हाती आले साधारण 40 कोटी डॉलर. लोकांना ते फार लागलं होतं. पुढे 2009 मध्ये त्याच रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 200 टन विकत घेतलं, आणि 2023-24 मध्ये इंग्लंडमध्ये ठेवलेलं सुमारे 100 टन मायदेशी आणलं.

पण कर्ज वाढलं की भाव चढलाच असं धरून चालू नये. जानेवारी 1980 मध्ये औंसाला (सुमारे 31 ग्रॅमला) 850 डॉलर असलेलं सोनं 1999 मध्ये 250 च्या आसपास आलं होतं, आणि मधल्या काळात अमेरिकेचं कर्ज काही थांबलेलं नव्हतं. सरकारी मागणीही उलटू शकते. त्याच पडत्या भावात ब्रिटनने 1999 ते 2002 दरम्यान आपलं निम्म्याहून जास्त सोनं, सुमारे 395 टन, विकून टाकलं.