पंधरा मिनिटांचं सलाईन, वर्षानुवर्षांचा मुक्काम

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, डोक्यावर केसही परत दिसायला लागले, आणि मग डॉक्टर म्हणतात, "आता दर सहा महिन्यांनी हाडांचं एक सलाईन घ्यायचं." १०० मिलिलिटरची बाटली, त्यात ४ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक ॲसिड. पंधरा-वीस मिनिटांत बाटली रिकामी. केमोच्या मानाने हे काहीच नाही, असं म्हणत बाई रिक्षाने घरी येतात, जेवतात. रात्री दात वाजायला लागतात. दोन चादरी, वर गोधडी, तरी हुडहुडी जात नाही. सकाळी अंग असं ठणकतं की कूस बदलवत नाही.

घरचे हादरतात, कारण केमोच्या दिवसांत ताप आला की तडक हॉस्पिटल गाठायचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हा ताप मात्र वेगळा, आणि त्याची गोष्ट मोठी मजेशीर आहे.

झोलेड्रॉनिक ॲसिड हाडाला चिकटून बसतं आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींमधलं एक एन्झाइम बंद पाडतं. पण रक्तातल्या काही पांढऱ्या पेशीही जाता जाता हे औषध गिळतात. त्यांच्यातलं तेच एन्झाइम थांबतं आणि त्याच्या आधीच्या टप्प्यावर तयार होणारा माल तुंबतो. तुंबलेला हा पदार्थ नेमका जंतूंमध्ये सापडणाऱ्या एका रेणूचा जवळचा भाऊ. गॅमा-डेल्टा टी पेशी नावाचे पहारेकरी तो ओळखतात, जंतू घुसले असं समजून बोंब ठोकतात, आणि ताप आणणारी रसायनं रक्तात सुटतात. चोर नाही, चोरी नाही, पण सगळी आळी जागी.

हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांवर याच औषधाची एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली आले. पहिल्या सलाईननंतर सुमारे ३२ टक्के जणींना असा त्रास झाला, दुसऱ्यानंतर ७ टक्के, तिसऱ्यानंतर जेमतेम ३. त्रास बहुधा तीन दिवसांत आटोपतो आणि पॅरासिटामॉलने बराच सुसह्य होतो. त्याहून लांबला, किंवा केमो नुकतीच झालेली असली, तर मात्र अंदाज बांधत न बसता डॉक्टरांना फोन करावा.

मग एवढं सोसायचं कशासाठी? स्तनाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक जवळपास संपवतात, आणि इस्ट्रोजेन गेलं की हाडं झिजतात. शिवाय स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना हाडात घर करायला आवडतं. २०१५ साली १८,७६६ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये दहा वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू झोलेड्रॉनिक ॲसिडच्या गटातल्या औषधांमुळे १८ टक्क्यांवरून १४.७ टक्क्यांवर आले. म्हणजे शंभरात तिघी वाचल्या. दोन रात्रींच्या हुडहुडीपायी पुढची सलाईनं सोडून द्यावीत असा हा आकडा नाही, असं मला वाटतं.

ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, पायात गोळे, ही खूण कॅल्शियम उतरल्याची. हाडातून रक्तात येणारा कॅल्शियम औषधाने अडवलेला असतो, आणि ड जीवनसत्त्व आधीच कमी असेल तर खड्डा आणखी खोल जातो. आपल्याकडे ऊन रग्गड, तरी ड जीवनसत्त्वाची बोंब घरोघरी. म्हणून आधी ते तपासून भरून काढतात. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिनही पाहतात, कारण हाडात न बसलेलं औषध किडनीवाटेच बाहेर पडतं. भरपूर पाणी प्यायचं आणि "जरा लवकर सोडा हो सलाईन" असं नर्सला म्हणायचं नाही.

खरी धास्ती जबड्याची. एकोणिसाव्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्यांचे जबडे सडत. लंडनमध्ये १८८८ साली संपावर गेलेल्या काडेपेटी कामगार मुलींना हा रोग चांगलाच ठाऊक होता. २००३ साली रॉबर्ट मार्क्स या अमेरिकन शल्यविशारदाने झोलेड्रॉनिक ॲसिडच्या गटातली औषधं घेणाऱ्यांत तसंच काहीसं दिसत असल्याचं मांडलं: दाढ काढली, जखम भरेना, हाड उघडंच. जबड्याचं हाड सतत मोडतं-घडतं, वर हिरडीचं पातळ अस्तर, आणि दातांपाशी जंतूंची कायमची वस्ती. सहा महिन्यांतून एकदा सलाईन घेणाऱ्यांत हे शंभरात एकीलाही होत नाही. पण झालं की महिनोन्‌महिने चिघळतं. म्हणून किडलेली दाढ काढायची असेल तर पहिल्या सलाईनच्या आधी काढून घ्यावी आणि जखम भरू द्यावी. रूट कॅनालची भीती नाही. हाड उघडं पडेल अशा कामाची आहे.

आणखी एक दुर्मीळ प्रकार: बरीच वर्षं औषध घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत बोथट दुखत राहतं आणि मग क्षुल्लक निमित्ताने मांडीचं हाड मोडतं. हे दुखणं "वय झालं" म्हणून उडवून लावू नये, एक्स-रे काढावा.

तीन वर्षांनी सलाईनं थांबतात आणि फाईल कपाटात जाते. पुढे कधीतरी दाढ ठणकते. दातांच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर प्रश्न असतो, "सध्या कोणती औषधं चालू आहेत?" बाई प्रामाणिकपणे लिहितात, "काही नाही." हाडात मुरलेलं ते औषध तेव्हाही जागेवरच असतं.