कुतुब-ए-कोकण : जेजे फ्लायओव्हरला ज्यांचं नाव आहे ते मखदूम बाबा

मुंबईतला जेजे फ्लायओव्हर सगळ्यांना माहितीये, पण 2002 मध्ये सुरू झालेल्या त्या पुलाचं खरं नाव कुतुब-ए-कोकण (म्हणजे कोकणचा ध्रुव) मखदूम अली माहीमी उड्डाणपूल आहे हे बऱ्याच जणांना सांगावं लागतं. माहीमच्या दर्ग्यातले मखदूम बाबा ते हेच. नवस बोलायला सगळ्या जातीधर्माची माणसं तिथे जातात, पण बाबा मुळात केवढे मोठे विद्वान होते हे फारसं कोणी बोलत नाही, आणि मला ते खूप लागतं.

जन्म 14व्या शतकाच्या उत्तरार्धातला, माहीमचाच. घराणं नवायत, म्हणजे अरबस्तानातून येऊन कोकण किनाऱ्यावर स्थायिक झालेले व्यापारी लोक. तेव्हा माहीम म्हणजे मुंबई बेटांवरचं महत्त्वाचं बंदर, बिंब राजाच्या वेळेपासून नावाजलेलं, आणि बाबांच्या हयातीत ते गुजरातच्या सुलतानांकडे होतं. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत तर बहमनी फौजेने माहीम घेतलं आणि गुजरातने लढून परत मिळवलं, म्हणजे काळ काही शांत नव्हता.

आईची गोष्ट माहीममध्ये आजही सांगतात. रात्री आईने पाणी मागितलं, हे घेऊन आले तोवर तिचा डोळा लागला, मग उठवायचं कसं म्हणून पोरगा पेला हातात धरून सकाळपर्यंत तसाच उशाशी उभा राहिला.

बाबा शाफई पंथाचे (सुन्नी मुसलमानांच्या चार कायदा-परंपरांपैकी एक), कोकणी मुसलमान आजही त्याच पंथाचे आहेत. विचाराने मात्र ते इब्न अरबींचे, म्हणजे अस्तित्व एकच आहे असं मानणाऱ्या सूफींच्या वाटेवरचे, आणि इब्न अरबींच्या ‘फुसूस अल-हिकम’ या ग्रंथावर त्यांनी भाष्यही लिहिलं. पण सगळ्यात मोठं काम म्हणजे ‘तफसीर-ए-रहमानी’, अरबीतलं कुराणाचं भाष्य. एका आयतीचा, म्हणजे कुराणातल्या वचनाचा, पुढच्या आयतीशी काय संबंध आहे हे ते उलगडत जातात. कुराणातल्या 114 सूरांपैकी, म्हणजे अध्यायांपैकी, 113 सूरांची सुरुवात बिस्मिल्लाहने, म्हणजे ‘अल्लाहच्या नावाने’ या ओळीने होते, शब्द तेच, तरी ते प्रत्येक ठिकाणी त्या सूरेच्या विषयाला धरून त्याचा वेगळा अर्थ लावतात. एकच ओळ शंभराहून जास्त वेळा नव्याने वाचायची, हे ज्याला जमलं त्याची बुद्धी काय असेल बघा!

हिजरी 835 मध्ये, म्हणजे इसवी सन 1431 च्या सुमारास, ते माहीममध्येच गेले. तिथेच दर्गा झाला. दरवर्षी दहा दिवसांची जत्रा भरते, रात्रभर गर्दी असते, आणि मानाची पहिली चादर माहीम पोलीस ठाण्याची असते, बँड लावून पोलीस ती वाजतगाजत नेतात. ते भाष्य मात्र त्यांच्यामागे जवळपास साडेचारशे वर्षांनी, 19व्या शतकात, पार कैरोच्या बुलाक छापखान्यात छापलं गेलं.