ड्राफ्टचा क्रमांक म्हणजे फँटसीतला क्रमांक नव्हे

‘एनएचएल ड्राफ्टमध्ये जो वर, तोच फँटसी लीगमध्येही वर’ हा समज जुना आहे, पण चुकीचा. (एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग; ड्राफ्टमध्ये तिचे संघ तरुण खेळाडू क्रमाने निवडतात. फँटसी लीगमध्ये चाहते खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करतात आणि त्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळवतात.) 2012 मध्ये पहिला निवडला गेलेला नेल याकुपोव 2018 नंतर एनएचएलमध्ये दिसलाच नाही. उलट निकिता कुचेरोव 2011 मध्ये 58 वा होता. 2018-19 च्या हंगामात त्याने 128 गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून) केले. किरिल काप्रिझोव तर 135 वा!

संघ निवडताना बचाव, अंगकाठी, स्वभाव सगळं तोलतात. फँटसीत मोजले जातात मुख्यतः गोल, असिस्ट, शॉट्स. त्यामुळे निव्वळ बचाव करणारा उत्तम बचावपटू इथे फारसा कामाचा नाही. पॉवर प्लेवर (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) कोण उतरतं, ते आधी बघा. गोलरक्षकांना मात्र तयार व्हायला वेळ द्यावाच लागतो.