पित्त की हृदय: छातीतली कळ कशाने येते ते आधी बघा

छातीत जळजळलं की कोल्हापुरात पहिला शब्द तोंडात येतो तो ‘पित्त’. आदल्या रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारलेला असतो, झोपायला उशीर झालेला असतो; कारण आयतंच हाताशी. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हाची कळही तिथेच, छातीच्या मधल्या हाडामागे येते. म्हणून नुसत्या जागेवरून निदान करू नका.

कळ कशाने येते आणि कशाने जाते ते बघा. पित्त जेवणाशी बांधलेलं. आडवं झालं, वाकलं की वाढतं, घशाशी आंबट येतं. अंजायना, म्हणजे हृदयाची कळ, कष्टाशी बांधलेली. जोतिबाच्या पायऱ्या चढताना, रंकाळ्यावर भरभर चालताना छाती आवळून येते. थांबलं की पाचेक मिनिटांत ओसरते, चालू लागलं की पुन्हा हजर. असा माणूस ‘दुखतंय’ म्हणेलच असं नाही. ‘छाती भरून येते’ म्हणतो आणि बोट दाखवण्याऐवजी अख्खी मूठ छातीवर ठेवतो.

खरा घोळ होतो जेवणानंतरच्या शतपावलीत. पोट भरलेलं असताना हृदयावर आधीच जादा भार असतो, त्यात चालणं. कळ येते, माणूस सोडा पितो, बसतो, ढेकर येते, बरं वाटतं. गुण सोड्याला मिळतो. कळ बसल्यामुळेही गेलेली असू शकते. तेवढंच जेवून बसून राहिल्यावर काही होत नसेल, तर माझ्या मते संशय हृदयावरच घ्यावा.

चालताना येणारी कळ नवी असेल तर सणवार, लग्नकार्य उरकायची वाट न बघता एक-दोन दिवसांत डॉक्टरांना आणि त्यांच्या सल्ल्याने हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. पडून काढलेला ईसीजी अंजायनात नॉर्मल येऊ शकतो. इको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी) लागू शकते. कमी श्रमात किंवा बसल्या जागी कळ येऊ लागली, तर अपॉइंटमेंट घेत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि कळ पंधरा मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर १०८ लावा. सोबत दरदरून घाम, दम, उलटी, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर मिनिटंही मोजू नका: लगेच १०८ लावा. मोटरसायकलवर मागे बसवून तर मुळीच नेऊ नका. सरकारी सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय असो की खासगी हॉस्पिटल, पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. तो साफ आला तरी ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी) रक्ततपासणी आणि पुन्हा ईसीजी होईपर्यंत घरी निघू नका.

मधुमेह असलेल्यांत, बायकांत आणि वयस्कर माणसांत छातीत कळ न येताही झटका येतो. नुसती धाप, मळमळ, बेंबीच्या वर दुखणं, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला की तो हुबेहूब पोटाच्या दुखण्यासारखा दिसू शकतो. घरातली बाई ‘काही नाही, पित्त झालंय’ म्हणत घामाघूम होऊन बसली असेल, तर तिचं ऐकू नका, १०८ लावा. जुना ईसीजी फाईलमध्ये असेल तर तोही बरोबर घ्या. नव्यातला बदल डॉक्टरांना त्यावरून पटकन कळतो.