न दिसलेली लढाई आणि सोमवारची सकाळ

२९ एप्रिल २०१९ रोजी मुंबईतील सहाही लोकसभा मतदारसंघांत सकाळी सात वाजता मतदान सुरू झाले. त्याच्या अर्धा तास आधी, साडेसहाला, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी मालिकेच्या आठव्या पर्वाचा तिसरा भाग, म्हणजे रात्रीच्या एका मोठ्या लढाईचा भाग, भारतात दाखल झाला होता. एरवी जो प्रेक्षक सोमवारी हा भाग लोकलच्या गर्दीत मोबाइलवर पाहत असे, त्यातला बराचसा त्या दिवशी मतदानाच्या सुटीमुळे घरातल्या टीव्हीसमोर बसला होता. मग तो बोटाला शाई लावून आला आणि आपली पहिली प्रतिक्रिया त्याने कोण मेले, कोण वाचले यावर न देता ‘काही दिसलेच नाही’ अशी दिली. हीच तक्रार आज त्या भागाची ओळख होऊन बसली आहे, म्हणून ती कुठून आली हे पाहायला हवे.

मोठ्या लढाया हे या मालिकेचे बलस्थान पहिल्यापासून नव्हते. २०११ च्या पहिल्या पर्वात खर्च वाचवण्यासाठी एका महत्त्वाच्या पात्राला लढाईच्या तोंडावरच बेशुद्ध पाडले गेले आणि ते शुद्धीवर येईपर्यंत लढाई आटोपलेली होती. २०१२ मध्ये प्रथमच एक पूर्ण भाग एका रात्रीच्या, एकाच ठिकाणच्या लढाईला दिला गेला. २०१४ मध्ये भिंतीवरची लढाई आली, तीही रात्रीचीच. मात्र पहिल्या लढाईला हिरव्या आगीच्या स्फोटाचा आणि दुसरीला रानात पेटवलेल्या प्रचंड वणव्याचा उजेड मिळाला होता. अंधार होता, पण त्या अंधाराला कथेतच उजेडाची सोय होती. २०१६ ची गाजलेली लढाई तर भर दिवसाची. त्यामुळे २०१९ मध्ये प्रेक्षक रात्रीच्या लढाईला बिचकत नव्हता, तो मोठ्या अपेक्षेने बसला होता.

आपल्याकडे ही मालिका सुरुवातीला उशिरा आणि कात्री लागून येई, आणि अनेकांनी ती पेन ड्राइव्हवरूनच पाहिली, हे वाचकांना सांगायला नको. एप्रिल २०१६ पासून हॉटस्टारवर महिना १९९ रुपयांत ती अमेरिकेबरोबरच, न कापता, मिळू लागली आणि त्याच वर्षी सप्टेंबरनंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्या पर्वाचा चौथा भाग प्रक्षेपणाआधीच फुटला. या प्रकरणात मुंबईत चौघांना अटक झाली. फुटलेला भागही लढाईचाच होता आणि ती प्रत अगदीच सुमार होती, तरी चित्राच्या दर्जाबद्दल कोणी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नाही. फुकटच्या मालाला नावे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नसावी.

खरा गुंता ‘डार्क’ या शब्दाचा आहे. इतकी वर्षे हा शब्द या मालिकेची स्तुती म्हणून वापरला जात होता. नायक वाटणाऱ्या माणसाचे मुंडके पहिल्याच पर्वात उडते, लग्नाच्या मांडवात कत्तल होते, म्हणून मालिका ‘डार्क’ आणि म्हणून श्रेष्ठ. त्या सकाळी तोच शब्द तक्रार झाला आणि त्यातही तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या. पहिली गोष्ट चित्रीकरणाची. उत्तर आयर्लंडमध्ये ५५ रात्री चित्रित झालेल्या या ८२ मिनिटांच्या भागात प्रकाश मुद्दाम कमी ठेवला होता. घोडदळाच्या पेटलेल्या तलवारी दूरवर एकेक करून विझतात, हे दृश्य त्या निर्णयाचे उत्तम समर्थन आहे आणि ज्यांनी भागाला नावे ठेवली त्यांनीही ते वाखाणले. दुसरी गोष्ट प्रसारणाची. इंटरनेटवरून चित्र पाठवताना त्यातील माहिती दाबून लहान करावी लागते. या कामात गडद छटांना बहुधा कमी वाटा मिळतो, त्यामुळे काळ्या-करड्याच्या बारीक पायऱ्या पुसल्या जातात, धुक्याचे पट्टे पडतात आणि हलत्या गर्दीचे चौकोनी ठोकळे होतात. तिसरी गोष्ट घरातली, म्हणजे टीव्हीवरच्या चित्राची जुळवणी आणि खोलीतला उजेड.

छायाचित्रणाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांनी भाग प्रमाणाबाहेर अंधारलेला असल्याचे नाकारले, अनेकांना आपला टीव्ही नीट जुळवता येत नाही असे सांगितले आणि काही दोष प्रसारणातील दाबणीला दिला. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. जे चित्र लाखो घरांतल्या पडद्यांवर जायचे आहे, ते सिनेमागृहासारख्या काळोख्या खोलीत पाहावे, ही अपेक्षा निर्मात्याने प्रेक्षकाच्या गळ्यात मारण्यासारखी नाही. अमेरिकेत तेव्हा रविवारचे रात्रीचे नऊ वाजले होते, दिवे घालवले की काम भागत होते. मुंबईत एप्रिलअखेर सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. साडेसहाला पूर्वेकडची गॅलरी असलेल्या घरात पडद्यावर लढाईऐवजी स्वतःचा आणि मागच्या कपाटाचा चेहरा दिसतो. पडदे ओढून, त्यावर चादर टाकून पाहणारेही होते. म्हणजे इथल्या तक्रारीतला काही भाग तरी थेट भूगोलाचा होता, आणि तो बाहेरच्या चर्चेत कुठे आलाच नाही.

युद्धनीतीवरची टीका यामानाने सरळ होती. पाठीशी तटबंदी असताना फौज बाहेर का काढली, खंदक सैन्याच्या मागे का, दगडफेकी यंत्रे सर्वांत पुढे का, आणि शत्रू मेलेल्यांना उठवतो हे ठाऊक असताना बायकामुले तळघरातल्या थडग्यांजवळ का ठेवली? पानिपतात गोलाची लढाई योग्य होती की गनिमी कावा, हा वाद अडीचशे वर्षे जिवंत ठेवणाऱ्या समाजाला हे प्रश्न सुचणारच. शत्रूच्या म्होरक्यावरचा शेवटचा घाव आर्या या तरुण मुलीने घातला तो योग्य की अयोग्य, यावरही दोन तट पडले. एवढे होऊनही अमेरिकेत पहिल्या रात्री १ कोटी ७८ लाख प्रेक्षक होते, हा मालिकेचा तोवरचा उच्चांक होता.

पुढच्या तीन आठवड्यांत मालिका संपली आणि शेवटचे पर्व नव्याने करा या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्या रागात अंधाराचा राग मागे पडला. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये परतला, तेव्हा ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ या पूर्वकथेच्या मालिकेतील एका भागात दिवसा चित्रित केलेली दृश्ये रात्रीची म्हणून इतकी गडद केली होती की तीच ओरड झाली. त्या वेळी दाखवणाऱ्या संस्थेने हा जाणीवपूर्वक घेतलेला सर्जनशील निर्णय असल्याचे कळवून विषय संपवला. दिग्दर्शकही २०१९ च्या त्या भागाचेच होते.

२०२३ मध्ये या मालिकांचे भारतातील घर बदलले, सोमवार सकाळची वेळ मात्र तीच राहिली. ८ जुलै २०२४ रोजी पूर्वकथेच्या मालिकेत ड्रॅगनांची पहिली मोठी लढाई आली, ती लख्ख दिवसाउजेडी. त्या दिवशी मुंबईत मध्यरात्रीनंतरच्या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता, रुळांवर पाणी होते आणि शाळा बंद होत्या. पुन्हा एकदा लोकलचा प्रेक्षक घरी अडकला. बाहेर ढगांनी सकाळ अंधारून आणली होती, गॅलरीतून ऊन येत नव्हते आणि पडद्यावरचे सगळे स्पष्ट दिसत होते.